माळगल्लीचा वॉल

आमच्या गावात लग्नाची पहिली पत्रिका देवाला, दुसरी मामाला आणि तिसरी मला, असा रिवाज पडला होता. मी कुणाचा भटजी नाही की बँडवाला नाही. मी नगरपरिषदेचा वॉलमन. मांडवाच्या दिवशी नळाला पाणी आलं तर लग्न, नाही तर टँकरमागं धावाधाव. म्हणून यजमान हळदकुंकू लावलेली पत्रिका घेऊन घरी यायचे, चहा घ्यायचे आणि उठता उठता सहज आठवल्यासारखं म्हणायचे, "नागनाथभाऊ, तेवढं आपल्या मांडवाच्या दिवसाचं बघा बरं का." एकोणतीस वर्षांत अशी किती लग्नं ओली केली याची मोजदाद नाही. जेवायला मात्र फार थोड्या ठिकाणी गेलो. कारण एका गल्लीला पाणी द्यायचं तर दुसरीची पाळी पुढं ढकलावी लागायची, आणि त्या दुसऱ्या गल्लीतली माणसं नेमकी माझ्याच पंगतीला यायची.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मी म्हणालो, वॉलमनचं काय लिहायचं? उघडला, बंद केला, झालं. ते म्हणाले, तेवढंच लिहा. तेवढंच लिहायला बसलो, पण मध्येच एक गोष्ट आडवी आली. ती वगळून बाकीचं सांगितलं तर नुसती फुशारकी होईल, म्हणून मुख्यतः तीच सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही. लातूरहून नांदेडला जाताना लागतं एवढं पुरे. ओळखणारे ओळखतीलच, आणि त्यांच्यापैकी निम्म्यांच्या नळांना तोट्या नाहीत हेही मला ठाऊक आहे.

ज्यांच्याकडे चोवीस तास पाणी येतं, त्यांना आधी आमचं काम समजावून सांगायला हवं. धरणाचं पाणी शुद्ध होऊन गावाच्या उंच टाकीत येतं. टाकी सगळ्या गावाला एकदम पुरत नाही. मग गावाचे तुकडे पाडायचे आणि एकेका तुकड्याला आळीपाळीनं पाणी सोडायचं. आमच्याकडे आठ दिवसांआड पाळी यायची. हे सोडणं-अडवणं रस्त्याखालच्या वॉलनं होतं. कागदावर त्याला व्हॉल्व्ह म्हणतात, पण गावात कुणी तसं म्हटलं तर तो बदलीवर आलेला साहेब आहे हे ओळखावं. लोखंडी झाकण उचललं की खाली चौकोनी खड्डा असतो, त्याला चेंबर म्हणायचं. त्यात वॉल बसवलेला. आमची चावी म्हणजे छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर धरायला आडवी दांडी. ती वॉलच्या डोक्यावर बसवून डावीकडे फिरवली की आतला पडदा उचलला जातो आणि पाणी सुटतं. उजवीकडे फिरवली की पडदा खाली बसतो, पाणी बंद. एका फेरीला आम्ही एक आटा म्हणतो. कुठला वॉल तेरा आट्यांचा, कुठला अठरा, कुठल्याला नवव्या आट्यावर जरा थांबावं लागतं नाही तर पुढच्या चौकात पाइप फुटतो, हे सगळं हाताला पाठ असावं लागतं.

हे लिहिलेलं कुठंच नव्हतं. जुने नकाशे कचेरीच्या कपाटात होते, ते वाळवीनं खाल्ले. आमच्यात म्हणायचे, गावाच्या पाइपलाइनची खरी माहिती दोघांनाच, एक नागनाथला आणि एक वाळवीला. मुख्याधिकारी यायचे, जायचे. नवे साहेब आले की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगायचं, "साहेब, कुठं खोदायचं ते नागनाथला विचारा." त्या एका वाक्यावर मी एकोणतीस वर्षं ताठ मानेनं फिरलो. पगार बेताचा होता, पण मान मुख्याधिकाऱ्यापेक्षा काकणभर जास्तच होता.

गिऱ्हाईकंही नमुनेदार भेटली. किराणा दुकानाचे महादप्पा सकाळी पूजा झाल्याशिवाय गल्ल्याला हात लावत नसत. पूजेला पाणी ताजंच लागतं, असा त्यांचा नेम. मी एकदा गमतीनं म्हटलं, "अप्पा, आठ दिवसांआडचं पाणी ताजं कसं हो?" ते शांतपणे म्हणाले, "तू सोडलंस तवा ताजं व्हतं ना? मग झालं. महादेवाला ठावं हाय आपली नगरपरिषद कशी हाय ते." एक निवृत्त हेडमास्तर पाण्याच्या दिवशी ओट्यावर घड्याळ घेऊन बसायचे. पाणी चार मिनिटं उशिरा आलं की मला उभं करून खुलासा मागायचे, मी अजून त्यांच्या वर्गात असल्यासारखा.

एक गोष्ट मात्र कौतुकानं सांगतो. लग्नासाठी पाळी मोडली तर दुसऱ्या दिवशी कचेरीत चार अर्ज पडलेले असायचे. पण मयताच्या घरासाठी पाळी मोडली तर एकोणतीस वर्षांत एकही तक्रार आली नाही. ज्यांचं पाणी त्या दिवशी पळालं तेच लोक विचारायचे, "तिकडं पुरलं का पाणी?" गाव भांडखोर आहे, पण वाईट नाही.

आता माळगल्ली. गावाच्या उत्तरेला जमीन थोडी चढते, तिथं चाळीस-पन्नास घरांची एक गल्ली आहे. गवंडीकाम करणारे, हमाल, दोन रिक्षावाले, अंगणवाडीची एक सेविका, असे लोक. गल्लीच्या तोंडाशी एक वॉल आहे. तो रोज उघडा-बंद करायचा नव्हे. तो कायम उघडा ठेवायचा, गल्लीत कुठं दुरुस्ती निघाली तरच बंद करायचा. त्या भागाची पाळी आली की मुख्य वॉलवरून सगळ्यांना पाणी जायचं, तसं माळगल्लीलाही जायला हवं. पण तिथं करंगळीएवढी धार यायची. एका पाळीला घरटी सात-आठ घागरी, त्यावर आठ दिवस काढायचे. बाकीचं पाणी बायका खालच्या चौकातल्या हातपंपावरून आणायच्या, तोही उन्हाळ्यात घरघर करून बंद पडायचा.

तक्रार आली की मी जायचो. झाकण उचलायचो, चावी लावायचो आणि डावीकडे जोर देऊन बघायचो. वॉल घट्ट, म्हणजे पूर्ण उघडा. मग उभं राहून सांगायचो, "वॉल पुरा खुला हाय. तुमची गल्ली चढावर हाय. पाण्याला पाय नसतात, चढाला कसं चढंल?" हे वाक्य माझं मला फार आवडायचं.

ऐकणाऱ्यांत गयाबाई नेहमी पुढं असायची. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई, वय पन्नाशीच्या आसपास, सातवीपर्यंत शिकलेली. नवरा वारलेला, एक मुलगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात. ती कधी ओरडली नाही, त्यामुळे मला तिचा जास्त राग यायचा. एकदा ती म्हणाली, "भाऊ, राग नका मानू, पण तुम्ही येऊन गेले की पाणी कमीच व्हतंय."

"मी काय पाणी पिऊन जातो का गयाबाई?"

"तसं न्हाई म्हणत मी. पण व्हतंय खरं. मी मोजून राहिले ना."

सगळे हसले. मीही हसलो, आणि चावी खांद्यावर टाकून निघालो.

तिच्या मुलाची सोयरीक दोनदा मोडली होती, दोन्ही वेळा पाण्यावरून. लोह्याकडचे पाहुणे आले होते. मुलगा पसंत, घर पसंत. निघताना त्यांनी गल्लीत हातगाड्यावर ड्रम ढकलणाऱ्या बायका पाहिल्या. मुलीचा चुलता म्हणाला, "पोरगी देऊ, पण डोक्यावर घागर देनार न्हाई." गल्लीत अशा आणखी पाच-सात मुलांची लग्नं रखडली होती. हे सगळं मला माहीत होतं. लग्नाची तिसरी पत्रिका माझ्याकडं यायची ना, मग कुठल्या गल्लीतून पत्रिकाच येत नाहीत हे माझ्याइतकं कुणाला कळणार? पण चढाला माझा इलाज काय, असं मी मनाला सांगायचो.

मग गावाला नवी पाणीयोजना मंजूर झाली. नवी टाकी, नवे पाइप, दोन दिवसांआड पाणी. सर्वेक्षणाला स्वामी मॅडम नावाच्या तरुण इंजिनिअर आल्या. मूळच्या उदगीरच्या, बोलायला मऊ, कामात कडक. नकाशे नाहीत म्हटल्यावर त्यांनी शहाण्यासारखं मला बरोबर घेतलं आणि महिनाभर गल्लीबोळ पालथे घातले. माळगल्लीपाशी त्यांनी विचारलं, "काका, इथं दाब पोहोचतो का?"

"न्हाई पोचत मॅडम. अकरा वर्षांपासून बघून राहिलो. वॉल पुरा खुला हाय, तरी धार न्हाई."

त्यांनी लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. महिन्याभरानं आराखडा कचेरीच्या फलकावर लागला. माळगल्लीच्या नावासमोर लिहिलं होतं, 'दाब पोहोचत नसल्याने पाइपलाइनमधून वगळले, हातपंप व टँकरची व्यवस्था'. तिचा पाइप शेजारच्या प्रभागातल्या नव्या प्लॉटांकडे वळवला होता. हरकती घ्यायला पंधरा दिवस. त्यानंतर आराखडा पक्का झाला की पुढची तीसेक वर्षं तोच. म्हणजे माळगल्लीला नळ नाही तो नाहीच, आणि तेही माझ्या सहीनं.

चौथ्या दिवशी गयाबाई कचेरीत आली. काखेत कॅलेंडरांची गुंडाळी. खताचं दुकान दिवाळीला वाटतं तसली, भिंतीवर लटकवायची, वर बैलजोडीचं चित्र. अकरा वर्षांची अकरा. मॅडमच्या टेबलावर तिनं ती पसरली. पाण्याच्या प्रत्येक दिवसाच्या चौकटीत तिनं पेननं आकडा लिहिला होता, त्या दिवशी किती घागरी भरल्या तो. काही चौकटींत आकड्याशेजारी फुली होती.

"ही फुली कशाची?" मॅडमनी विचारलं.

"नागनाथभाऊ येऊन वॉल पाहून गेले, त्या दिसाची."

मॅडम बोट ठेवून बघत गेल्या. फुलीच्या आधी आठ, फुलीनंतर सात. आणखी एक फुली, मग सहा. कुठं कुठं हळूहळू पुन्हा अर्धी-पाऊण घागर वाढायची, परत फुली आली की खाली. आणि मध्ये एका चौकटीत एकदम बावीस. मॅडमनी मान वर केली. "हे बावीस कसे?"

"त्या टायमाला नागनाथभाऊ पोरीच्या लग्नाला किनवटला गेलते. त्यांच्या जागी माजिदभाई आलते. आमच्यातल्या एकाचा पाइप गळू लागला म्हून वॉल बंद कराया आलते. तर पाणी असं आलं मॅडम, रस्ता भिजला! माजिदभाई घाबरले आन् परत फिरवून टाकलं."

मला ते आठवलं. मी किनवटहून आल्यावर माजिद, आमचा दुसरा वॉलमन, म्हणाला होता, "नागनाथ, वो माळगल्ली का वॉल बंदच नै होरा रे. बंद करे तो पानी और बढरा." मी त्याला म्हटलं होतं, माजिदभाई, वॉलला हात लागतो, तो सगळ्यांना नसतो.  पुन्हा त्यानं विषय काढला नाही, आणि मीही नाही.

मॅडम मला एवढंच म्हणाल्या, "काका, उद्या त्या भागाची पाळी आहे ना? एकदा जाऊन बघू."

मला अपमान वाटला. एकोणतीस वर्षं वॉल फिरवलेला माणूस आणि खताच्या दुकानाचं कॅलेंडर, यात कॅलेंडर खरं? पण गेलो. सकाळी आठची वेळ, मुख्य वॉल उघडलेला, गल्लीत नळापाशी घागरींच्या रांगा, करंगळीएवढ्या धारा. गयाबाई चेंबरपाशी येऊन उभी राहिली. मी चावी लावली. मॅडम म्हणाल्या, "पूर्ण उघडा आहे म्हणता ना? मग आता बंद करा."

मी उजवीकडे फिरवायला लागलो. पहिला आटा जड गेला, गंज कुरकुरला. दुसरा, तिसरा. चौथ्या आट्याला पायाखालून पाणी वाहण्याचा आवाज यायला लागला. बंद करताना तो आवाज बारीक होत जातो, हा वाढत होता. सहाव्या आट्याला गल्लीतून कुणीतरी ओरडलं, "अगं माय! नळ बघ, नळ!" एक घागर धारेच्या जोरानं कलंडली ती तशीच घरंगळत गेली. पोरं नाचायला लागली. मी बारा आटे बंद केलं आणि माळगल्लीला अकरा वर्षांत आलं नव्हतं एवढं पाणी आलं.

तो वॉल उलटा होता. उजवीकडे उघडायचा, डावीकडे बंद व्हायचा. असे वॉल असतात, मी ऐकून होतो, कधी पाहिला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मला विषमज्वर झाला होता. त्या काळात तिथला जुना वॉल फुटला आणि ठेकेदाराच्या माणसांनी कुठूनतरी मिळाला तो आणून बसवला. मी कामावर परत आलो, सवयीनं डावीकडे फिरवून 'पूर्ण उघडला' आणि माळगल्लीचं पाणी माझ्या हातानं तोडलं. पडद्याखाली खडा अडकला असावा, तेवढ्या फटीतून धार जायची. दर तक्रारीला मी जाऊन ती फट आणखी दाबून यायचो. गावात त्याच सुमारास नव्या वसाहती झाल्या, सगळीकडेच पाणी कमी झालं होतं, त्यामुळे कुणाला वेगळं काही वाटलं नाही.

 गयाबाई माझ्याकडं बघत होती. "भाऊ, तुम्ही तर बंद करून राहिले व्हते ना?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी म्हणालो, "तपासावं लागंल." आणि चावी उचलून निघालो. आयुष्यात एवढी जड चावी कधी लागली नव्हती.

वाटेत मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्हाला कळलंय आणि मलाही. अहवालात काय लिहायचं ते हरकतींच्या सभेत तुम्ही सांगाल त्यावरून ठरेल. अकरा वर्षं तिथं तुम्ही होता, मी नव्हते."

संध्याकाळी शेजारच्या प्रभागाचे नगरसेवक घरी आले. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. नव्या प्लॉटांकडे पाइप वळवण्यात त्यांचाच पुढाकार होता. खाटेवर टेकून म्हणाले, "नागनाथ, चार महिन्यांनी तू रिटायर. कामून डोक्याला ताप करून घेतोस? गंज चढला व्हता, साफ केला, म्हण. यात खोटं काय हाय?"

"आन् आराखडा?"

"आराखड्याचं आमी बघू. त्या बाईच्याच कॅलेंडरात लिहिलंय ना, अकरा वर्षं पाणी न्हाई म्हून. आज गंज काढला, उद्या परत चढंल. दाब पोचत न्हाई हे त्यांच्याच हातचं लिहिलेलं हाय."

ते गेल्यावर मला त्यातली मेख उमगली. गयाबाईनं अकरा वर्षं टिपून ठेवलेलं तेच तिच्याविरुद्ध जाणार होतं. मी गंज म्हटलं की ते आकडे चढाचे ठरणार. ते आकडे चढाचे नाहीत, माझ्या हाताचे आहेत, हे फक्त मीच सांगू शकत होतो.

बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तुमची बेअब्रू व्हईल म्हून भेताव व्हय? दोन दिस बोलतील लोक. तिकडं बायका अकरा वर्षं पाणी वाहून राहिल्यात." मग म्हणाली, "जेवून घ्या." 

सभा नगरपरिषदेच्या हॉलमध्ये झाली. माळगल्लीतून तीस-चाळीस माणसं आली होती, बायका जास्त. अण्णांनी अगदी मला सांगितलं तसंच मांडलं, वर कॅलेंडर हातात धरून दाखवलं. गयाबाई उभी राहिली, पण तिला उत्तर सुचेना. स्वतःच्याच अक्षराला काय उत्तर देणार? ती खाली बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मुख्याधिकाऱ्यांनी विचारलं, "वॉलमनचं काही म्हणणं?"

मी उठलो. गावासमोर बोलायची सवय नव्हती. म्हणालो, "साहेब, त्या गल्लीला दाब पोचतो. कालबी पोचत व्हता, अकरा वर्षांपूर्वीबी. वॉल उलट्या आट्याचा हाय. मी उघडतोय समजून बंद करत व्हतो. कॅलेंडरातल्या फुल्या माझ्या हायत. पाणी मी अडवलं, चढानं न्हाई. सर्व्हेला मी चूक सांगितलं, ती सही मी वापस घेतो."

 मग मागून एक म्हातारे उठले, तुकाराम तात्या, पूर्वी मोंढ्यात हमाली करायचे.  "नागनाथ, माझ्या बायकोच्या मणक्याचं आपरेशन झालं. ती आता वाकत न्हाई. ते कोण वापस करून राहिलं?"

 मी हात जोडले. तात्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. दोन-तीन बायका रडायला लागल्या, एक जण मला शिव्या द्यायला लागला. मला त्या शिव्यांचं वाईट वाटलं नाही.

स्वामी मॅडमनी तिथंच आराखडा हातात घेऊन माळगल्लीसमोरचा शेरा खोडला आणि इतिवृत्तात कारण लिहून घेतलं.  नव्या प्लॉटांना पुढं वेगळा पाइप मिळाला, तेही बरंच झालं, तिथंही माणसंच राहणार आहेत. माझ्यावर कारणे दाखवा नोटीस निघाली. दोन पगारवाढी रोखल्या, पण निवृत्तीला चारच महिने उरलेल्या माणसाच्या पगारवाढी रोखणं म्हणजे उन्हाळ्यात घोंगडी काढून घेणं.

खरी शिक्षा आठवड्यानं आली. गयाबाई आठ-दहा बायकांना घेऊन कचेरीत आली आणि म्हणाली, "आमच्या गल्लीचा वॉल कसा चालतो ते आमाला शिकवा."

माजिद माझ्याकडं बघून मिशीत हसला. आमच्या धंद्यात हे कधी झालं नव्हतं. वॉलचं गुपित घरच्यालाही सांगायचं नाही, असा आमचा कायदा. मी म्हणालो, "गयाबाई, चावी जड असते."

"भाऊ, अकरा वर्षं घागरी वाहिल्यात आमी," ती म्हणाली. "चावी आमाला हलकीच लागंल."

गेलो. झाकण उचललं, चावी तिच्या हातात दिली. उजवीकडे उघडतो, डावीकडे बंद होतो, एकूण बारा आटे, शेवटचे दोन सावकाश. एकेक बाई पुढं आली, एकेकीनं फिरवून पाहिलं. तात्यांची बायको ओट्यावर बसून बघत होती. तिला फिरवता येणार नव्हतं, पण आटे ती मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, तीन. चार महिन्यांत मी गावातले सगळे वॉल, त्यांचे आटे आणि त्यांची दिशा एका जाड वहीत लिहून काढली. वहीच्या तीन प्रती केल्या आणि एक माजिदच्या हातात दिली. त्याला म्हणालो, माजिदभाई, माझं चुकलं. तो म्हणाला, "छोड ना यार," आणि चहा मागवला.

या उन्हाळ्यात माळगल्लीत नवा पाइप पडला. दोन दिवसांआड पाणी येतं, वरच्या घरापर्यंत येतं. गयाबाईच्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी धर्माबादची.

परवा त्या बाजूला सहज गेलो होतो. माझ्या जागेवर आलेला नवा वॉलमन गल्लीच्या तोंडाशी झाकण उचलत होता. चावी लावली आणि फिरवायच्या आधी त्यानं मान वर करून ओट्यावरच्या बायकांना विचारलं, "ताई, कोणत्या अंगाला?" तिघीचौघी एकदम बोलल्या. मी विजेच्या खांबाआड उभा होतो. एकोणतीस वर्षं मी या गावाला पाणी सोडलं, पण असं कुणाला विचारलं नव्हतं.